ग्राफीनचा धागा गाठ मारताच तुटतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे थांबायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा बिघाड हाच की दुसरा, ते लगेच कळेल.

धागा बाथमधून, म्हणजे सुईतून आलेली धार ज्या द्रावणात घट्ट होते त्यातून, सलग निघतो, रिळावर नीट गुंडाळला जातो, सुकल्यावर काळाभोर आणि चकचकीत दिसतो. पण सैलसर गाठ घालून दोन्ही टोकं ओढली की गाठ आवळायच्या आत तुटतो. ताणयंत्रावर लावला तर आलेखाची रेघ सरळ वर चढते आणि एक टक्का लांबण्याच्या आतच संपते, कुठे वाकत नाही. एकाच रिळाच्या शेजारशेजारच्या तुकड्यांत बळाचा दुपटी-तिपटीचा फरक येतो. तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली सपाट दिसतं, पदर (ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचे पापुद्रे) बाहेर ओढले गेल्याची खूण नसते. कधी धाग्यावर बारीक पांढरे कण दिसतात, कधी बोटाला खरखर लागते. आणि बडोद्यात हमखास दिसणारं एक लक्षण: मे महिन्यात काढलेला धागा ठिसूळ, जुलैत काढलेला मऊ आणि लांबणारा पण कमजोर, आणि कृती मात्र दोन्ही वेळी तीच.

ग्राफीन ऑक्साइडपासून (ऑक्सिजनचे गट बसलेलं, पाण्यात मिसळणारं ग्राफीन) ओल्या पद्धतीनं धागा काढायचं काम मी इथल्या एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं करतोय. हाच बिघाड घेऊन एम.एस्सी.ची आणि टेक्स्टाइलची मुलं दर सत्रात येतात. बहुतेकांनी येण्याआधीच ठरवलेलं असतं की पदरांमधले जोड कमी पडतायत, तेव्हा जास्त पक्का जोड देणारं रसायन घालायचं किंवा जास्त तापणारी भट्टी शोधायची. माझा अनुभव उलटा आहे. ठिसूळपणा बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी शिरलेला असतो, आणि ते टप्पे तपासायला फारसा खर्च येत नाही.

चिवटपणा येतो कुठून

हे समजल्याशिवाय पुढच्या तपासण्यांचा क्रम पटणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

ग्राफीनच्या एका निर्दोष पदराचं बळ २००८ साली कोलंबिया विद्यापीठात मोजलं गेलं: साधारण १३० गिगापास्कल. हा आकडा प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतो. पण धाग्याबद्दल तो फार थोडं सांगतो, कारण धाग्यात एकही पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर रुंदीचे असंख्य पदर एकमेकांवर थोडे थोडे चढलेले असतात, आणि भार एका पदरावरून दुसऱ्यावर जातो तो या चढलेल्या भागातून. म्हणजे आपण मोजतो ते पदरांमधल्या पकडीचं बळ. २०११ साली चीनच्या झेजियांग विद्यापीठात शू झेन आणि गाओ चाओ यांनी ग्राफीन ऑक्साइडच्या द्रवस्फटिकातून, म्हणजे पदर आपणहून रांगेत राहतात अशा द्रावणातून, मीटरच्या हिशेबात सलग धागा काढला. रासायनिक क्षपण केल्यावर, म्हणजे ऑक्सिजनचे गट काढून टाकल्यावर, त्याचं बळ १४० मेगापास्कलच्या आसपास होतं आणि त्याला गाठ मारता येत होती. २०१३ मध्ये त्याच गटानं मोठे पदर आणि कॅल्शियमचे जोड वापरून ५०० मेगापास्कलचा टप्पा गाठला. २०१६ मध्ये धाग्यातले सगळ्या पातळ्यांवरचे दोष कमी करत, शेवटी ३००० अंशांच्या आसपास तापवून, १.४५ गिगापास्कल मिळवले. ही सगळी चढण पदर रचण्याच्या आणि दोष काढण्याच्या कामातली आहे.

आता शिंपल्याकडे पाहू. मोतीशिंपल्याचा आतला चमकता थर वजनानं सुमारे ९५ टक्के ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. उरलेल्या पाचेक टक्क्यांत प्रथिनं आणि कायटिन. अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या आणि पाच-दहा मायक्रोमीटर रुंदीच्या चकत्या विटांच्या भिंतीसारख्या सांधे चुकवत रचलेल्या असतात. नुसतं ॲरागोनाइट ठिसूळ, पण हा थर तोडायला लागणारी ऊर्जा त्याच्या कितीतरी पट, काही मोजण्यांत हजारो पट भरते. कारण ताण आला की चकत्या फुटण्याआधी किंचित घसरतात. मधली प्रथिनं टप्प्याटप्प्यानं उलगडतात आणि दर टप्प्याला ऊर्जा खातात. चकत्यांचा पृष्ठभाग थोडा उंचसखल असल्यामुळे घसरता घसरता त्या पुन्हा अडकतात. मोतीही याच द्रव्याचा. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला, त्यातल्या प्रत्येक दाण्यात हीच रचना आहे, हे बडोदेकराला सांगितलं की विषय चटकन डोक्यात बसतो असा माझा अनुभव आहे.

कोळ्याकडून दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. फ्रिट्झ व्होलराथ आणि डेव्हिड नाइट यांनी २००१ साली मांडलं की कोळ्याच्या ग्रंथीतलं प्रथिनाचं द्रावणही द्रवस्फटिक असतं, आणि ते निमुळत्या नळीतून ओढलं जाताना सरळ रांगेत येतं. म्हणजे धागा बाहेर पडायच्या आधीच त्याची रचना ठरलेली असते. कोळी भट्टी वापरत नाही. साध्या तापमानाला, पाण्यातून, ओढ देऊन काम करतो.

तेव्हा आपल्या धाग्यात पदर थोडे घसरले पाहिजेत आणि घसरताना धरूनही राहिले पाहिजेत. ठिसूळपणा दोन वाटांनी येतो. एक, आत पोकळी, गुठळी किंवा क्षाराचा खडा आहे आणि पदर घसरायच्या आधीच तिथून तडा पळतो. दोन, पदर इतके पक्के जखडलेत की घसरायला वावच नाही. पहिली वाट फार जास्त वेळा सापडते, आणि स्वस्तात सापडते. म्हणून आधी ती.

पहिली तपासणी: धागा वाईट आहे की मोजणी

याला खर्च शून्य. तुकडे तुटतात कुठे ते बघा. पकडीच्या अगदी कडेला तुटत असतील तर यंत्राचा जबडा धागा चिरडतोय, धाग्याचा काही दोष नाही. जाड कागदाची चौकट कापा, मधे १० किंवा २० मिलिमीटरची खिडकी ठेवा, धागा दोन्ही बाजूंना इपॉक्सीच्या बारीक थेंबानं चिकटवा, चौकट यंत्रात धरा आणि मगच कडेचे दोन कागद कापा. जबड्यात तुटलेले तुकडे हिशेबातून काढून टाका.

मग जाडी. सुकलेला ग्राफीन धागा गोल नसतो. सुरकुतलेला असतो, कधी चपटा. सूक्ष्मदर्शकाखाली वरून दिसणारी रुंदी हाच व्यास धरला की क्षेत्रफळ चुकतं, आणि व्यास १० टक्के जास्त धरला तर बळ १७ टक्के कमी दिसतं. टेक्स्टाइलवाले करतात तसं करा: वजन करा. २७ नंबरच्या सुईचं भोक सुमारे ०.२१ मिलिमीटर. मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम ग्राफीन ऑक्साइडचं द्रावण ओढ न देता त्यातून काढलं तर सुकलेल्या १० मीटर धाग्याचं वजन ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवं. म्हणजे ०.५ टेक्स (टेक्स म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन). घनता १.५ धरली तर व्यास साधारण २१ मायक्रोमीटर येतो. असा धागा ०.०५ न्यूटनला, म्हणजे पाच ग्रॅमच्या वजनाला तुटला तर त्याचं बळ १५० मेगापास्कल.

या वजनाचा दुसरा उपयोग माझ्या मते जास्त मोलाचा आहे. ओढ दिली असेल तर वजन त्या प्रमाणात कमी यायला हवं. कॅल्शियमचं आणि मुरलेल्या पाण्याचं थोडं वजन वाढणारच. पण हिशेबाच्या दीडपट भरलं तर धाग्यात क्षार राहिलाय. सरळ धुण्याच्या तपासणीकडे जा.

गाठीऐवजी मी टाचणी वापरतो. गाठ प्रत्येकाच्या हातानं वेगळी आवळली जाते, टाचणीचा व्यास मात्र मोजता येतो. २० मायक्रोमीटर जाडीचा धागा अर्ध्या मिलिमीटरच्या टाचणीभोवती वळवला की त्याच्या बाहेरच्या कडेला सुमारे ४ टक्के ताण पडतो, दोन मिलिमीटरच्या सळईभोवती एक टक्का. जाड सळईपासून सुरू करा आणि बारीकाकडे या. कुठल्या व्यासाला तुटला ते लिहून ठेवा. कृतीत काहीही बदल केला की हीच चाचणी पुन्हा, तुलना मिनिटभरात होते.

दुसरी: हवा

ग्राफीन ऑक्साइडच्या पदरांमध्ये पाणी शिरतं. ग्राफाइटमध्ये दोन पदरांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. कोरड्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये ते ०.७ च्या आसपास, आणि हवा दमट झाली की आणखी वाढतं. ते पाणी वंगणाचं काम करतं: पदर घसरतात, लांबणं वाढतं, बळ घटतं. कोरड्या हवेत याच्या उलट. म्हणून मेमधला आणि जुलैमधला आकडा शेजारी ठेवून "कृती बिघडली" म्हणण्यात अर्थ नाही.

कापडाच्या चाचणीसाठी आपल्याकडे २७ अंश आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण धरतात. तशी खोली नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात खाण्याच्या मिठाचं संपृक्त द्रावण वाटीत ठेवा, डब्यातली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. दुसऱ्या डब्यात सिलिका जेल ठेवा. एकाच रिळाचे तुकडे रात्रभर दोन्हीत ठेवून सकाळी टाचणीवर वळवा. दमट डब्यातले टिकले आणि कोरड्यातले तुटले तर पदरांची रचना बहुधा ठीक आहे, फक्त चाचणीची हवा सांभाळायला हवी. दोन्हीकडे तुटले तर पुढे चला.

तिसरी: पाणी आणि धुणं

हा बिघाड इथे मला सर्वांत जास्त वेळा सापडतो.

ग्राफीन ऑक्साइड पातळ करायला नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, एकदाही नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पदरांच्या कडांना धरतं आणि सुईत जायच्या आधीच गुठळ्या होतात. डोळ्याला त्या दिसतीलच असं नाही. आरओचं पाणी पुरेसं वाटतं, पण पडदा जुना झाला की त्यातूनही क्षार येतात. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच घ्या.

ग्राफीन ऑक्साइड स्वतः बनवलेलं असेल तर ते आम्लातून पुरतं धुतलंय का ते पाहा. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाका. पांढरं गढूळ झालं तर सल्फेट शिल्लक आहे. पीएच दोन-तीनवर अडकला असेल तर आणखी धुवा.

मग धाग्याचं धुणं. बाथमधलं कॅल्शियम क्लोराइड दोन कामं करतं: पदरांच्या कडा जोडतं, हे हवंय, आणि जास्तीचं धाग्यात अडकून राहतं, हे नकोय. हे क्षार हवेतलं पाणी असं ओढतं की आर्द्रता तीस टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळून द्रव होतं. बडोद्याच्या पावसाळ्यात ते धाग्यात सतत ओलं राहतं आणि धागा ढिला पडतो. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी तेच क्षार खडा होऊन बसतं, आणि खड्याच्या कडेपासून तडा सुरू होतो. मे आणि जुलैमधल्या त्या दोन लक्षणांचं मूळ कितीदा तरी इथेच असतं. तपासायला सोपं आहे: धुतलेल्या धाग्याखालचं पाणी काचेवर घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडा. पांढरा साका आला की धुणं अपुरं. साका येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहा. बोटांना सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडतात, हातमोजे घाला.

याच ओघात बाटलीवरचं लेबल वाचा. कॅल्शियम क्लोराइड बहुतेक ठिकाणी डायहायड्रेट, म्हणजे पाण्याचे रेणू धरून असलेलं, मिळतं. कृतीत ५ टक्के निर्जल लिहिलं असेल तर ५ ग्रॅमच्या जागी डायहायड्रेट ६.६ ग्रॅम घ्यावं लागतं.

चौथी: बाटलीतलं द्रावण

ध्रुवक (पोलरायझर) फिल्मचे दोन तुकडे काटकोनात धरा, मधे द्रावणाची चपटी बाटली. जुन्या मोडक्या एलसीडी पडद्यावरची फिल्मही चालते. बाटली हलवल्यावर उजळ पट्टे उमटले आणि ठेवल्यावरही टिकून राहिले तर द्रवस्फटिक तयार आहे, पदर रांगेत यायला उत्सुक आहेत. सगळं काळंच राहिलं तर एकतर द्रावण फार पातळ आहे, नाहीतर पदर फार लहान झालेत. अशा द्रावणातून धागा निघतो, पण त्यात पदर आडवेतिडवे पडतात. कोळ्याच्या ग्रंथीची गोष्ट आठवा: इथे रांग लागली नाही तर पुढे कोणतीही सुई ती लावून देणार नाही.

पदर लहान होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सोनिकेटर, ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र. गुठळी दिसली की मुलं प्रोब बुडवून अर्धा तास चालवतात, द्रावण छान गुळगुळीत होतं आणि दहा-वीस मायक्रोमीटरचे पदर मायक्रोमीटरच्या आत येतात. चढलेला भाग जितका लांब तितकी पकड जास्त, तेव्हा पदर बारीक करणं म्हणजे पकडच कापून टाकणं. ग्राफीन ऑक्साइड पाण्यात रात्रभर भिजू द्या, हातानं किंवा मंद गतीनं ढवळा, आणि मग २०० मेशच्या जाळीतून गाळा. तिची भोकं ७५ मायक्रोमीटरची असतात: पदर जातात, गोळे अडकतात.

बुडबुडे काढा. द्रावण घट्ट असतं, हवा आपणहून लवकर वर येत नाही. थोडा वेळ कमी वेगावर सेंट्रिफ्यूज किंवा निर्वात डेसिकेटर पुरे. सुईतून गेलेला प्रत्येक बुडबुडा धाग्यात लांबोळी पोकळी होऊन बसतो. शेजारच्या तुकड्यांतला दुपटी-तिपटीचा फरक बहुधा याचाच असतो.

द्रावण फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलं की बर्फ पदरांना एकत्र ढकलतो आणि ते पुन्हा नीट सुटत नाहीत.

पाचवी: सुई, बाथ, ओढ

इंजेक्शनची सुई तिरकी कापलेली असते, त्यामुळे धार एका बाजूला वळते आणि धागा वाकडा सुकतो. बोथट डिस्पेन्सिंग सुई घ्या.

वेगाचा हिशेब कागदावर करा. २७ नंबरच्या सुईतून तासाला २ मिलिलिटर सोडलं तर धार मिनिटाला एक मीटरच्या किंचित कमी वेगानं निघते. रीळ त्याहून हळू फिरत असेल तर धागा बाथमध्ये वेटोळी घालतो आणि पदर सैल पडतात. रीळ १० ते २० टक्के जास्त वेगानं फिरवा. आमच्या इथले टेक्स्टाइल विभागातून निवृत्त झालेले एक काका धागा बोटावर घेऊन सांगायचे, "अरे, ओला आहे तोवरच ओढून घे. सुकल्यावर ओढशील तर तो तुझं ऐकणार नाही." अगदी खरं आहे. ओल्या जेलमध्ये पदर सरकून रांगेत येतात. सुकल्यावर ओढलं की तीच ओढ तडा उघडते.

बाथमध्ये इथेनॉल हवं असेल तर गुजरातेत त्याला परवाना लागतो. तो नसतो तेव्हा मुलं ॲसिटोन वापरतात. ॲसिटोन पाणी फार वेगानं खेचतं, बाहेर साल धरते, आतला भाग मागाहून आकसतो आणि मधे पोकळी राहते. नुसत्या पाण्यातल्या कॅल्शियम क्लोराइडच्या बाथमध्येही धागा होतो. परवान्याची वाट बघताना तो वापरा. धागा थोडा मऊ निघतो, हळुवार उचलावा लागतो.

सुकवताना दोन्ही टोकं बांधलेली ठेवा, नाहीतर धागा आकसून सुरकुततो. मेमध्ये पंख्याखाली किंवा खिडकीत सुकवू नका. झाकलेल्या ट्रेमध्ये सावकाश सुकू द्या.

सहावी: पदरांमधली पकड

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरीही टाचणीवर धागा तुटत असेल, तरच दुसऱ्या वाटेकडे वळा: पदर फार जखडलेत का?

ग्लुटराल्डिहाइडसारखे कायमचे रासायनिक जोड घातले असतील तर ते आधी बंद करा. ते बळ आणि ताठपणा वाढवतात, पण जोड एकदा तुटला की पुन्हा बसत नाही. कॅल्शियमचे जोड आणि हायड्रोजन बंध सुटतात आणि पुढे सरकून परत धरतात. शिंपल्यातल्या प्रथिनांच्या जवळ जाणारं वागणं ते हे. पकडीसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालून बघा, ग्राफीन ऑक्साइडच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, पूर्ण विरघळवून, थेंबाथेंबानं. एकदम ओतलं तर बाटलीतच जेल होतं. घातल्यावर ध्रुवक फिल्मची तपासणी पुन्हा करा, कारण जास्त झालं की रांग मोडते. शिंपल्यात सेंद्रिय भाग पाचेक टक्केच आहे, हे प्रमाण डोळ्यासमोर ठेवा.

सगळे पदर मोठेच हवेत असंही नाही. मोठ्यांच्या मधल्या फटी लहान पदर भरतात. २०१५ साली अमेरिकेतल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकच्या गटानं मोठ्या पदरांत लहान पदर मिसळून आणि उच्च तापमानाला तापवून १,०८० मेगापास्कलचा धागा मिळवला. पण हा बदल सगळ्यात शेवटी करा. आधी मोठे पदर शाबूत ठेवायला शिका.

क्षपण केल्यानंतरच ठिसूळ होत असेल, म्हणजे आधी टाचणीवर टिकणारा धागा क्षपणानंतर तुटत असेल, तर आतून निघालेल्या वायूनं पदर फुगवलेत. ॲस्कॉर्बिक आम्लात ९० अंशांच्या आसपास काही तास ठेवून करा, टोकं बांधून. सौम्य पद्धत आहे, घाई करत नाही. भट्टीत करायचं तर २०० अंशांच्या आसपासचा टप्पा मिनिटाला एक-दोन अंशांनीच ओलांडा. ऑक्सिजनचे गट तिथेच सुटतात.

इथे थांबा

पुढची कामं स्वतः करू नका. ज्याच्याकडे तशी व्यवस्था आणि सराव आहे त्याच्याकडेच न्या.

ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटमधून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, आणि ते ५५ अंशांच्या वर किंवा सेंद्रिय पदार्थाला लागलं तर स्फोट होतो. घरी नाही, गॅरेजमध्ये नाही, एकट्यानं तर नाहीच. तयार पेस्ट विकत घ्या.

सुकलेलं ग्राफीन ऑक्साइड ढिगानं ओव्हनमध्ये टाकणं. ते तापताना स्वतः उष्णता सोडतं. पोटॅशियमचे क्षार धुऊन गेले नसतील तर पेटतं आणि पेट पसरत जातो. जास्तीचा माल ओलाच साठवा. कोरडी भुकटी हवेत उडू देऊ नका, फुप्फुसात जाऊ देऊ नका.

हायड्रोआयोडिक आम्लानं केलेलं क्षपण. बळाचे बरेच चांगले आकडे यातूनच आलेत हे खरं, पण चांगल्या फ्यूम हूडशिवाय आणि शेजारी अनुभवी माणूस असल्याशिवाय बाटलीचं बूचही काढू नका.

हजार अंशांच्या वरची भट्टी. तिथे निष्क्रिय वायू, सील, थंड करण्याचा वेळ हे सगळं त्या यंत्राच्या चालकाचं काम आहे. आणि मुळात, टाचणीवर तुटणारा धागा भट्टीत घालून चिवट होत नाही. भट्टी पदरांतले दोष बुजवते. पोकळी, गुठळी, क्षाराचा खडा हे तसेच राहतात किंवा मोठे होतात. पैसे खर्च करण्याआधी मागच्या सहाही तपासण्या पूर्ण करा.

सगळं करूनही कारण सापडलं नाही तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असलेल्या संस्थेत नमुना द्या. पण "धाग्याचा फोटो काढून द्या" असं सांगू नका. वरून सगळेच धागे छान दिसतात. तुटलेल्या टोकाचा छेद मागा, ताणयंत्रावर तुटलेला, कात्रीनं कापलेला नव्हे. पदर पायऱ्यांसारखे बाहेर आलेले दिसले तर घसरण होतेय आणि पकड वाढवायला वाव आहे. छेद सपाट आणि गच्च दिसला तर जोड जास्त झालेत. मधे भोकं दिसली तर बाथ, बुडबुडे आणि सुकवणं. उजळ ठिपके दिसले तर त्या ठिकाणी मूलद्रव्यांची तपासणी करून घ्या, कॅल्शियम आणि क्लोरीन एकत्र सापडलं तर तिसऱ्या तपासणीकडे परत. नमुन्यासोबत १० मीटरचं वजन, टाचणीचा व्यास, काढल्याची तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून द्या. हे चार आकडे नसतील तर समोरचा तज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारेल.